कधीतरी म्हणजे कोणत्या वारी?

माझ्या मामेभावाला कुणी "भेटू या कधीतरी" म्हटलं की तो मोबाइल काढतो, कॅलेंडर उघडतो आणि विचारतो, "कधीतरी म्हणजे कोणत्या वारी?" समोरचा हसतो, "अरे, कळवतो ना" म्हणतो आणि सटकतो. मग हा आठवडाभर कळवण्याची वाट बघतो. तुम्हा-आम्हाला न शिकवताच कळलेलं असतं की 'भेटू कधीतरी' म्हणजे 'बरंय, निघतो'. त्याला ते कळलं नव्हतं. आता मी समजावून सांगितलंय, पण त्याचा प्रश्न मला अजून खोडता आलेला नाही: भेटायचंच नव्हतं तर भेटू म्हणाला कशाला?

त्याचं वय 34. घोडबंदर रोडला मामा-मामीबरोबर राहतो, नोकरी घणसोलीला, हिशेबाच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही. ऑटिझमचं निदान झालं 31 व्या वर्षी. तोवर त्याच्या वाट्याला आलेले शब्द म्हणजे तिरसट, घुमा, शिष्ट. शाळा मुलुंडची. तिथली मुलं म्हणायची, "ह्याला ठाण्याला पाठवा रे." 1901 पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे, त्यामुळे मुंबईकरांच्या तोंडी आमच्या गावाचं नावच टोमणा होऊन बसलंय. तो सांगतो, "मी तर ठाण्यातच राहायचो. मला वाटायचं, घरी जा म्हणतायत."

मी मोबाइल ॲपचे पडदे आखते. कुठे बटण, कुठे मजकूर, काय आधी आणि काय नंतर. मागच्या वर्षी गणपतीत तो म्हणाला, "ताई, तू एवढी ॲपं करतेस, मला मित्र मिळतील असं एखादं कर की." मी म्हटलं, "बघू." त्याने कॅलेंडर उघडलं.

तेव्हापासून या विषयात डोकं घातलंय. असं ॲप आखणं ऐकायला सोपं वाटतं, पण नेमकं कुठे अडतं ते सांगते.

आधी शब्दाचं बघू. माणसामाणसांच्या मेंदूच्या घडणीत फरक असतो आणि प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नसतो, या विचाराला 1990 च्या दशकाच्या अखेरीस 'न्यूरोडायव्हर्सिटी' हे नाव मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञ जूडी सिंगर यांचं नाव त्यासोबत घेतलं जातं. ज्यांची घडण बहुसंख्यांहून वेगळी, ते न्यूरोडायव्हर्जंट. त्यात ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) वगैरे बरंच काही येतं. ऑटिझमला आपण मराठीत 'स्वमग्नता' म्हणतो. मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्व', यावरून घडवला, तोही वेगळ्याच आजारातल्या एका लक्षणासाठी. आपण त्याचं सरळ भाषांतर केलं. शब्द कानाला गोड आहे, पण माझ्या मते त्याने नुकसान केलंय. स्वमग्न म्हणजे स्वतःत रमलेला. मग त्याला माणसं नकोच असणार, असं ऐकणारा धरूनच चालतो. इकडे आमचा हा कॅलेंडर उघडून बसलेला!

अडचण एकाच बाजूची नसते, हे 2012 मध्ये डेमियन मिल्टन यांनी मांडलं. ते स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. आपल्या भाषेत सांगायचं तर मालवणी माणूस आणि वऱ्हाडी माणूस पहिल्यांदा भेटले, दोघंही आपापल्या ठसक्यात बोलले आणि कुणालाच काही कळलं नाही, तर दोष एकट्या मालवणी माणसाला देता येईल का? ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत आपण तेच करतो. पुढे एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. 2020 मध्ये आलेल्या निष्कर्षात सगळ्या ऑटिस्टिक माणसांच्या साखळीने गोष्ट ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचवली. गळती झाली ती मिश्र साखळीत. 2025 मध्ये जास्त माणसं घेऊन प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मिश्र साखळीतली ती गळतीही दिसली नाही. म्हणजे 'सारख्याला सारखाच हवा' असं ॲपच्या दारावर लिहायची घाई करू नये. पण दोन्ही वेळा एक गोष्ट कायम राहिली: ऑटिस्टिक माणसाला सांगता येत नाही, हा समज खोटा.

मग अडतं कुठे? नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचं 2017 चं काम मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतं. लोकांना ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. ऑटिस्टिक माणसांबद्दल पहिलं मत वाईट पडलं; यांच्याशी बोलायला आवडेल का, तर नाही. पण तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं तेव्हा हा फरक नाहीसा झाला. खटकत होती बोलण्याची तऱ्हा, चेहरा, हातवारे, नजर. बोलण्यातला मजकूर खटकत नव्हता.

आता माणसं गाठून देणारी नेहमीची ॲपं आठवा. पहिल्यांदा काय दिसतं? फोटो. मग अंगठ्याने डावीकडे किंवा उजवीकडे. म्हणजे ज्या खिडकीतून या माणसांचं सर्वांत चुकीचं दर्शन होतं, तीच खिडकी दारातच बसवलेली. जुळलंच तर पुढे मोकळं मैदान: काय लिहायचं, किती लिहायचं, उत्तर आलं नाही तर समोरचा रागावलाय की अंघोळीला गेलाय? काहीच सांगितलेलं नाही. माझा भाऊ असं एक ॲप चार महिने वापरत होता. एकाशी दोन आठवडे छान गप्पा झाल्या, मग तो माणूस एका दुपारी गायब झाला. भावाने त्या दोन आठवड्यांतले सगळे संदेश पुन्हा वाचून, कुठे चुकलं असेल ते शोधायला एक तक्ता केला होता. तो तक्ता मी पाहिलाय. त्यापलीकडे त्याबद्दल काही लिहावंसं वाटत नाही.

मैत्री खरी कशी होते याचं उत्तर मला संशोधनाआधी लोकलने दिलं होतं. 2004 मध्ये सुरू झालेल्या ठाणे-वाशी मार्गावर मी बरीच वर्षं रोज गेले, बायकांच्या डब्यात, ठरलेल्या दाराशी. तिथं ओळख करून घ्यायची पद्धत सगळ्यांना पाठ असते. पहिलं वाक्य ठरलेलं: "कुठे उतरणार?" उत्तर एका शब्दाचं. नाव कुणी विचारत नाही. एक बाई रोज समोर बसायची, मांडीवर पिशवी, त्यात मटार नाहीतर मेथी. सहा महिने ती माझ्या मनात 'कोपरखैरणे' होती. एकदा तिने न बोलता पिशवी माझ्याकडे सरकवली आणि मी शेंगा सोलायला लागले. आज ती माझ्या मुलीच्या बारशाच्या फोटोत आहे.

या डब्यात काय काय होतं ते सुटं करून बघा. वेळ ठरलेली. चेहरे तेच. हाताला काम, त्यामुळे एकमेकींच्या डोळ्यांत बघत बसायची सक्ती नाही. गप्प बसलं तरी कुणाला खटकत नाही. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे शेवट आधीपासून ठाऊक: तुर्भे आलं, उठलं. "आता निघू का, की वाईट दिसेल?" हा प्रश्नच उद्भवत नाही.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीला लागणारे तास मोजले. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तास, मित्र म्हणावा असा व्हायला 90 च्या आसपास, जवळचा व्हायला 200 च्या वर. अर्ध्या तासाचा प्रवास, जाऊन-येऊन, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे पाच तास. दहा आठवड्यांत 50 तास भरतात, चाळीस आठवड्यांत 200. तीच माणसं महिन्यातून एकदा दोन तास भेटली तर 50 तासांना दोन वर्षांवर एक महिना लागेल, आणि दोन वर्षं एखाद्या मेळाव्याला नेमाने जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. हॉल यांनी हेही नोंदवलंय की नुसतं कामाच्या जागी एकत्र घालवलेला वेळ तितकासा कामी येत नाही. रिकामा वेळ लागतो. माझ्या भावाची नऊ वर्षांची नोकरी आणि शून्य मित्र, हे कोडं मला तिथं थोडं सुटलं.

म्हणून माझं म्हणणं असं की या ॲपचा पहिला पडदा माणसांचं दुकान नसावा. तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा असावा. माणूस निवडायचाच नाही. वेळ आणि जागा निवडायची, आणि तीच पाच-सहा माणसं दर आठवड्याला तिथं असतील याची काळजी ॲपने घ्यायची. आम्ही केलेलं एक कार्ड जसंच्या तसं देते:

"रविवार, सकाळी 7:30 ते 8:45. उपवन तलाव, फोटोत दाखवलेला बाक. येणार: 4 ते 6 जण, त्यातले 3 तुला माहीत आहेत. करायचं काय: तलावाच्या काठाने चालणं, मग बाकावर बसणं. आवाज: सुरुवातीला कमी, 8 नंतर वाढतो. चहा हवा त्याने घ्यावा, पैसे ज्याचे त्याने द्यावेत. बोललं नाही तरी चालेल. लवकर जायचं असेल तर 'मी निघतो' एवढं पुरे. का निघालास, असं कुणी विचारणार नाही. दोघंच आले तरी भेट होईल."

यातली प्रत्येक ओळ कुणीतरी अडखळल्यावर आलेली आहे. 'चहा' ही ओळ घ्या. आपल्याकडे "चहा घेणार?" ला पहिलं उत्तर "नको" असतं, दुसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, अर्धा" आणि मग पैसे देताना दोघांची झटापट. हे सगळं नाटक ज्याला पाठ नाही त्याला तो चहा घशाखाली उतरत नाही. 'आवाज' ही ओळ तर मी सुरुवातीला विसरलेच होते. पहिली चाचणी भेट मी हौसेने तलावपाळीला ठेवली, शनिवारी संध्याकाळी. मासुंदा तलावाचा काठ, बोटिंग, भेळ, फुगेवाले. मला वाटलं, याहून प्रसन्न काय असणार? एक जण दहा मिनिटांत कानांवर हात ठेवून स्टेशनच्या दिशेने चालू लागला. जागा म्हणजे नुसती जागा नसते, त्यात घड्याळही धरावं लागतं. तोच काठ सकाळी सातला वेगळा तलाव असतो.

माझी दुसरी चूक पडद्यावरची. भेट नक्की झाली की रंगीत कागदांचा वर्षाव आणि टिंग असा आवाज. बँकेच्या ॲपमध्ये लोकांना हे फार आवडतं. भावाने फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, "ताई, हे मला ओरडल्यासारखं वाटतं." पडद्यावरची हालचाल कमी ठेवायची सोय आजच्या बहुतेक फोनमध्ये असतेच, ती चालू असेल तर ॲपने मुकाट ऐकायचं. आम्ही पुढे जाऊन शांतपणा हीच मूळ अवस्था ठेवली आणि ज्याला जल्लोष हवा त्याने तो चालू करावा, असं केलं.

इथं खरी गोम येते. 'न्यूरोडायव्हर्जंट' या एका छत्रीखाली एकमेकांच्या उलट गरजा उभ्या आहेत. आमच्या चाचणीत एडीएचडी असलेली एक मुलगी होती. तिला एक आठवण पुरत नाही. आदल्या रात्री एक, तासभर आधी एक आणि शेवटी चक्क "आता चपला घाल" अशी एक, एवढं झालं तर ती वेळेवर. भावाला तीन आठवणी म्हणजे अविश्वास. त्याला दर रविवारी तेच हवं, तिला तिसऱ्या रविवारी कंटाळा. त्यात ऑटिझम आणि एडीएचडी एकाच माणसात असू शकतात. अमेरिकेतल्या निदानाच्या प्रमाण पुस्तिकेने दोन्ही निदानं एकत्र द्यायला मुभा दिली तीसुद्धा 2013 मध्ये. अशा माणसाला ठरलेपणही हवं आणि बदलही. सगळ्यासाठी बटणं दिली तर सेटिंगचं पान एवढं लांब होतं की तिथंच माणूस गळतो. आम्हाला सापडलेला मार्ग पुन्हा लोकलचाच: गाडी तीच, वेळ तीच, डबा तोच, आतल्या गप्पा रोज वेगळ्या. वार, वेळ, बाक आणि माणसं बदलायची नाहीत, पण त्या दिवशी हाताशी काय असेल ते बदलतं. एकदा पत्ते, एकदा दुर्बीण, एकदा कुणीतरी आणलेली जुनी नाणी. 

आवडीनिवडी विचारताना नेहमीची ॲपं 'संगीत, प्रवास, खाणं' अशी खुणा करायची यादी देतात. ती इथं कुचकामी. ऑटिस्टिक माणसांचं लक्ष विजेरीच्या झोतासारखं असतं, एका जागी प्रखर, अशी मांडणी डायना मरी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये केली होती. म्हणून आम्ही प्रश्न बदलला: "कशाबद्दल तू न थांबता तासभर बोलू शकशील?" भावाने लिहिलं, "मध्य रेल्वे 1500 व्होल्ट डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर कशी गेली." 'रेल्वे' असं लिहिलं असतं तर त्याला सहलींची चित्रं पाठवणारे भेटले असते.

मराठी ॲप म्हटल्यावर एक वेगळाच पेच समोर आला, जो इंग्रजीत येतच नाही. तू की तुम्ही? अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी यायचं हे आपण कुणी ठरवून सांगत नाही. एके दिवशी जीभ घसरते आणि समोरचा चालवून घेतो. भावाला हे कधीच जमलं नाही, म्हणून तो सोसायटीतल्या आठवीतल्या मुलालाही अहो म्हणतो. आता ॲपमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं असतं: 'मला तू म्हणा' किंवा 'मला तुम्ही म्हणा'. त्याच ठिकाणी 'हे विचारू नका' अशी जागा आहे. तिथं जवळपास सगळ्यांनी लग्न लिहिलं. आडनाव आम्ही मागतच नाही. आडनाव कळलं की माणूस कळला असं मानणारे आपल्याकडे कमी नाहीत.

संदेशांत निळ्या खुणा नाहीत, शेवटचं कधी दिसला तेही नाही. उत्तराला दोन दिवस लागले तर चालतं, हे वरच छापलेलं. आणि 'आजपुरतं बोलणं संपवतो' असं बटण आहे. ते दाबलं की समोरच्याला दिसतं की तो रागावलेला नाही, दमलाय.

नोंदणीच्या वेळी प्रमाणपत्र मागायचं नाही यावर मी ठाम आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी) आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. मोठेपणी निदान करून घेणं खर्चाचं आणि वेळखाऊ. ज्याला वाटतं हे आपल्यासाठी आहे, त्याने यावं. फोनच्या बंद पडद्यावर येणाऱ्या सूचनेत मात्र 'न्यूरो' हे अक्षरसुद्धा दिसता कामा नये. लोकलच्या गर्दीत शेजारचा काय वाचतो ते तुम्हाला माहीतच आहे.

मामीला एक खास सोय हवी होती. "मला फक्त दिसू दे, तो कुणाशी बोलतो." तिची काळजी खोटी नाही. मैत्रीच्या नावाखाली पैसे उकळणारे भेटतात आणि जो शब्दाला शब्द मानतो तो आधी फसतो. पण 34 वर्षांच्या माणसाचे संदेश आईला दाखवणारं ॲप मी करणार नाही. त्याऐवजी नियमच उघड लिहिले: पहिल्या सहा भेटी गटात आणि चारचौघांत, पैसे देणं-घेणं बंद, कुणी मागितले तर कळवण्याचं बटण, आणि कळवल्यावर माणूस उत्तर देतो, यंत्र नाही. मामी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग तिने मेथीचे ठेपले पाठवले, त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

हे ॲप एकदम सगळ्या मुंबईभर का सुरू करत नाही, असं गुंतवणूक करू पाहणारे विचारतात. त्यांना हिशेब दाखवते. 30 माणसं एकट्या ठाण्यात असली तर त्यांच्यात 435 जोड्या संभवतात. तीच 30 माणसं दहा उपनगरांत तीन-तीन विखुरली तर प्रत्येक ठिकाणी तीन, मिळून 30 जोड्या. शिवाय बोरिवलीहून रविवारी सकाळी साडेसातला उपवनला कोण येतो? दुसरा प्रश्न असतो, लोक ॲपवर रोज किती मिनिटं घालवतील. मी म्हणते, आठवड्याला चार. बैठक तिथंच आटोपते.

सध्या आमच्याकडे कागदी कार्डं आहेत, अर्धवट चालणारं ॲप आहे आणि अकरा माणसं. जुलैत एका रविवारी धो धो पाऊस होता. भाऊ छत्री घेऊन गेला, कारण कार्डावर 'दोघंच आले तरी' असं होतं. कळव्याचा एक जण आला होता, त्याला फक्त कुलपांमध्ये रस. भाऊ व्होल्टवर बोलला, तो कुलपांवर. पावणेनऊला भाऊ म्हणाला, "माझं बोलून झालं."

"माझं 8:20 लाच झालं होतं," तो म्हणाला. "पण 8:45 लिहिलंय ना, म्हणून बसलो."

पुढच्या रविवारी पाऊस नव्हता. पाच जण आले, आणि कळव्याच्या माणसाने भावासाठी रेल्वेच्या डब्याची एक जुनी चावी आणली होती.